गॅस ड्रायर : पहिला लोड कडक वाळतो, मग दुसरा दमट का राहतो?

नमस्कार. तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं : न्यू जर्सीतलं टाउनहाउस, वरच्या मजल्यावर कपाटवजा जागेत वॉशर-ड्रायर, ड्रायर नॅचरल गॅसवरचा, नऊ-दहा वर्षं वापरलेला. ड्रम नीट फिरतो, आवाज नाही. सकाळचा पहिला लोड पाऊणएक तासात वाळतो, पण लगेच दुसरा टाकला तर तासाभरानंतरही कपडे दमट आणि आतली हवा गार. नाशिकहून आईवडील आल्यापासून हे सुरू झालं. एका रिपेअरवाल्याने येऊन ‘कंट्रोल बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय, चारशे डॉलर’ सांगितलं, आणि आता तुम्ही विचारताय की बोर्ड बदलावा की सरळ नवा इलेक्ट्रिक ड्रायर आणावा.

आत्ता तरी दोन्ही नको. मी सेंट्रल जर्सीत वॉशर, ड्रायर, गॅसच्या रेंज हीच कामं करतो आणि ‘पहिला ठीक, दुसरा गार’ ऐकलं की माझा हात आधी गॅस व्हॉल्व्हच्या कॉइलच्या, म्हणजे गॅसची झडप विजेने उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांच्या, पाकिटाकडे जातो. तरीही मशीन न बघता छातीठोकपणे सांगणार नाही. मॉडेल कुठलं, व्हेंट (दमट हवा घराबाहेर नेणारा पाइप) किती लांब, किती वळणांचा, यावर बरंच अवलंबून आहे. आणि तुमच्या वर्णनात नेमकी महत्त्वाची गोष्ट आलेली नाही. ‘गरम होत नाही’ हे झालं लक्षण. दुसऱ्या लोडच्या वेळी आत ज्योत पेटते की नाही, आणि पेटत नसेल तर कुठल्या पायरीवर अडते, हा खरा प्रश्न आहे. ते डोळ्यांनी बघता येतं, आणि बघितल्याशिवाय बोर्डाचं नाव घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आईवडील आल्याने ड्रायर बिघडला असं नाही. आधी तुम्ही आठवड्यातून एखादाच लोड लावत असणार, आता पाठोपाठ दोन-तीन लागतात. हा दोष मशीन तापल्यावरच दिसतो, त्यामुळे आधी तो उघडा पडायला संधीच मिळाली नाही.

आता आत काय घडतं ते जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ड्रायरच्या तळाशी बर्नर असतो, त्याला चिकटून इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा भाग. बटण दाबलं की मोटर सुरू होते. तीच मोटर पट्ट्याने ड्रम फिरवते आणि तीच पंखाही फिरवते. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की इग्नायटरला वीज मिळते आणि तो तापून लालभडक, मग पिवळसर पांढरा होतो. गॅस व्हॉल्व्हमध्ये गॅसच्या वाटेवर एकामागे एक दोन झडपा असतात, प्रत्येक झडप उघडायला विजेच्या कॉइल. पहिली झडप इग्नायटरबरोबरच उघडते. दुसरी तोवर बंदच. बर्नरच्या बाजूला एक छोटा फ्लेम सेन्सर बसवलेला असतो. इग्नायटरची धग त्याला लागली की त्याच्या आतला संपर्क सुटतो, इग्नायटरची वीज तुटते आणि त्याच क्षणी दुसरी झडप उघडते. गॅस येतो, अजून रसरशीत असलेल्या इग्नायटरवर भप्पकन पेटतो आणि निळी ज्योत ड्रमकडच्या नळकांड्यात खेचली जाते. हवा पुरेशी तापली की थर्मोस्टॅट गॅस बंद करतो, थोडी निवली की पुन्हा हाच क्रम. एका लोडमध्ये हे अनेकदा होतं.

म्हणून तुम्ही एवढंच करा. पहिला लोड नेहमीसारखा वाळवा. दुसरा सुरू केल्यावर लाँड्रीतला दिवा घालवा आणि ड्रायरच्या पुढच्या बाजूला तळाशी बघा. काही मॉडेलांत तिथे छोटं झाकण किंवा भोक असतं, त्यातून बर्नर दिसतो. काहींत तळाची पट्टी काढता येते, पण ती काढण्याआधी प्लग काढायचा आणि परत लावल्यावर चालू मशीनच्या जवळ सैल ओढणी, मोकळे केस, लहान मूल काही नको. ज्या मॉडेलात अख्खा पुढचा पत्रा उतरवावा लागतो, तिथे तुम्ही हात घालू नका.

बघताना चारपैकी एक गोष्ट दिसेल. इग्नायटर लाल झाला, अर्ध्या-एक मिनिटाने विझला, टक् असा बारीक आवाज आला, पण ज्योत नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. हे दिसलं तर कॉइल, जवळपास खात्रीने. मात्र घरातली गॅसची शेगडी चालतेय ना आणि ड्रायरमागचा गॅसचा कॉक पूर्ण उघडा आहे ना, एवढं आधी बघा. दांडी पाइपला समांतर असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. दुसरी शक्यता, इग्नायटर लाल होतो आणि विझतच नाही, ज्योतही नाही : मग फ्लेम सेन्सर चिकटलाय. तिसरी, इग्नायटर लालच होत नाही. तेव्हा इग्नायटर तुटलेला, थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) उडालेला, एखादा थर्मोस्टॅट उघडा राहिलेला, म्हणजे वीज पुढे न सोडणारा, किंवा खरोखर बोर्ड, यातलं काहीही असू शकतं आणि वीज तपासायचं मीटर लावल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. चौथी शक्यता, ज्योत छान पेटते पण मिनिटभरातच जाते, मग बराच वेळ सामसूम. हे हवा कोंडल्याचं लक्षण. आत प्रमाणाबाहेर तापतंय आणि सुरक्षेचा थर्मोस्टॅट गॅस तोडतोय.

आता त्या चारशे डॉलरच्या बोर्डाकडे या. दुसऱ्या लोडच्या वेळी इग्नायटर लाल होत असेल तर याचा अर्थ बोर्डाने उष्णता मागितली, वीज सोडली आणि ती बर्नरपर्यंत पोचली. बोर्डाचं काम तिथे संपलं. पुढे ज्योत आली नाही तर दोष बोर्डाच्या पलीकडे आहे. तुमच्या रिपेअरवाल्याने हे बघितलं होतं का, एवढंच त्याला विचारा. आणि तो आला तेव्हा मशीन गार होतं की तापलेलं, हेही आठवून बघा.

कॉइल असं का करते? आत बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर्षानुवर्षं बर्नरच्या शेजारी तापून-निवून त्या तारेत किंवा तिच्यावरच्या लेपात कुठेतरी दोष येतो. गार असताना तार जोडलेली, तापून पसरली की तुटलेली, किंवा ओढ इतकी कमजोर की झडप उचलत नाही. यातली गंमत अशी की गार कॉइलला मीटर लावलं तर आकडे अगदी बरोबर येतात. खूप ठिकाणी दिसणाऱ्या जोडीत दोन पिनांच्या कॉइलला साधारण १,२०० ओहम येतात, तीन पिनांच्या कॉइलला एका जोडीवर १,३५० च्या आसपास आणि दुसऱ्या जोडीवर ५५०-५६०. आकडे बरोबर आले म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. मीटरपेक्षा इथे डोळ्यांनी पाहिलेला क्रम जास्त खरा. एक तास थांबून मशीन निवल्यावर पुन्हा नीट पेटत असेल तर संशय आणखी पक्का. सुरुवातीला दुसरा लोड गार राहतो, काही आठवड्यांत पहिल्याच लोडच्या मध्यावर ज्योत यायची थांबते.

दोन्ही कॉइलचा संच मिळतो, बोर्डाच्या तुलनेत किरकोळ पैशांत. एकच बदलू नका, दोघींचं वय सारखंच असतं. कॉइल व्हॉल्व्हच्या बाहेरच्या दांड्यांवर नुसत्या बसवलेल्या असतात, वरून एक पट्टी आणि सहसा दोन स्क्रू. गॅसची वाट उघडावी लागत नाही. तरीही प्लग काढायचा, गॅसचा कॉक आडवा करायचा आणि मगच हात घालायचा. वायरींचे कनेक्टर वेगवेगळ्या आकाराचे असतात, तरी आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेजारच्या इग्नायटरला धक्का लागू देऊ नका. तो खडूसारखा ठिसूळ असतो आणि कॉइल बदलताना तोच मोडल्याच्या कहाण्या कमी नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायची सवय असेल तर हे काम जमण्यासारखं आहे. नसेल तर माणूस बोलवा, पण फोनवरच सांगा की दुसऱ्या लोडला इग्नायटर पेटून विझतो आणि ज्योत येत नाही. समजणारा टेक्निशियन कॉइल घेऊनच येईल.

इथपर्यंतचं थोडक्यात : आधी बघा, बोर्ड थांबवा, क्रम जुळला तर कॉइलचा संच बदला.

पण कॉइल बदलून लगेच मशीन भिंतीला लावू नका, कारण तुमचं वर्णन वाचताना मला दुसरी शंका व्हेंटची येते. वरच्या मजल्यावरचा ड्रायर, आतल्या बाजूची जागा. म्हणजे व्हेंट बहुतेक मजल्याच्या पोकळीतून किंवा माळ्यावरून वळणं घेत बाहेर जातो. गॅस ड्रायरच्या तक्रारींत माझ्या बघण्यात अर्ध्याहून जास्त भानगड हवेची निघते, आगीची नाही. ड्रायर कपडे तापवून वाळवत नाही, तापलेली हवा त्यांच्यातून काढून ओल बाहेर नेतो. ओल बाहेर गेलीच नाही तर ज्योत कितीही पेटवा. आणि हवा कोंडली की बर्नरचा परिसर नेहमीपेक्षा तापतो, ज्योत पुन:पुन्हा विझते-पेटते, आणि त्याचा मार कॉइललाच बसतो.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. ‘एअर फ्लफ’ किंवा ‘नो हीट’ निवडा. यात बर्नर पेटत नाही, म्हणून व्हेंट मशीनपासून सुटा करून बघायला हरकत नाही. उष्णता चालू ठेवून गॅस ड्रायरचा व्हेंट कधीही सोडायचा नाही, घरात कार्बन मोनॉक्साइड येतो. ड्रायर पुढे ओढताना मागची पिवळी गॅसची नळी ताणली जात नाही ना ते बघा. व्हेंट सोडा, मशीन सुरू करा, मागच्या तोंडाशी हात धरा आणि हवेचा जोर लक्षात ठेवा. मग व्हेंट जोडून बाहेरच्या झडपेशी जा. तिथे जोर थोडा कमी असणारच, पण मागे सोसाट्याची हवा आणि बाहेर झडप जेमतेम हलतेय, तर मधे अडलंय. मागेच जोर नसेल तर मशीनच्या आत, म्हणजे पंख्यात किंवा जाळीखालच्या खोबणीत लिंट (कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू) साचलंय. एकदा एका घरी पंख्यात सलवारीची अख्खी नाडी गुंडाळून बसलेली निघाली. सेफ्टी पिना आणि खिशातली नाणी तर नेहमीचीच.

व्हेंटचे नियम मोजके आहेत. चार इंची, आतून गुळगुळीत, पत्र्याचा. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत जास्तीत जास्त लांबी ३५ फूट, आणि काटकोनी प्रत्येक वळणामागे त्यातून ५ फूट वजा, ४५ अंशाच्या वळणामागे अडीच फूट. चार काटकोनी वळणं असली तर सरळ भागाला उरतात फक्त १५ फूट. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा तक्ता असेल तर तो धरायचा. जोडावर आत टोकं येणारे स्क्रू मारायचे नाहीत, त्यांवर लिंट अडकतं; फॉइलची चिकटपट्टी लावायची. ड्रायर आणि भिंत यांच्यामधला चमकदार लवचीक तुकडा जितका आखूड तितका बरा आणि तो भिंतीच्या आत कधीच न्यायचा नाही. पांढरा प्लॅस्टिकचा दिसला तर त्याच दिवशी काढून टाका. बाहेरच्या तोंडाला पक्षी येऊ नयेत म्हणून कुणी जाळी बसवली असेल तर तीही काढा, कारण तिच्यावर लिंटची घोंगडी तयार होते. तिथे पाहिजे झडपेचं झाकण. हिवाळ्यात ती झडप गोठून चिकटल्याचीही प्रकरणं येतात.

टाउनहाउस असल्यामुळे छपरावरचं किंवा वरच्या भिंतीवरचं तोंड घरमालकांच्या असोसिएशनच्या अखत्यारीत असू शकतं. शिडी लावण्याआधी नियमपत्र वाचा, कदाचित सफाई त्यांनीच करून द्यायची असेल. स्वतः ब्रश फिरवणार असाल तर ड्रिलला लावायच्या दांड्यांचे संच मिळतात. त्यांचे आटे बघून ड्रिल घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवा, बहुतेक संचांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. काढतानाही दिशा उलटी करायची नाही, नाहीतर दांडी आतल्या आत सुटते आणि ब्रश भिंतीत राहतो. तुमच्यासारख्या लांब, वळणदार व्हेंटसाठी वर्षातून एकदा सफाई हवीच. पाहुणे असताना, रोज लोड लागत असताना त्याहून लवकर.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांच्या नोंदींवरून दिलेला अंदाज असा की दरवर्षी सुमारे २,९०० घरांत ड्रायरमुळे आग लागली, आणि कारणांमध्ये सगळ्यात वर, ३४ टक्के, सफाई न करणं होतं. लिंट म्हणजे कापूसच, आणि गॅस ड्रायरमध्ये त्याच्याजवळ उघडी ज्योत असते. म्हणून मशीन उघडलंच आहे तर बर्नरभोवतीची आणि तळाची लिंट व्हॅक्यूमने हलक्या हाताने ओढून घ्या, अर्थात प्लग काढून.

याला जोडून आपल्या घरांतली एक गोष्ट. आईवडील आहेत म्हणजे खोबरेल तेल, तिळाचं तेल, गुडघ्याला चोळायची तेलं आली. पुढे दिवाळीला अभ्यंगाचे टॉवेल येतील. तेल भिनलेलं कापड धुतल्यावरही पूर्ण सुटत नाही. ड्रायरमधून काढून गरम गरम घडी करून ढिगात ठेवलं तर ते आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतं. ओट्यावरची तेलकट फडकीही त्यातच आली. हे कपडे दोरीवर वाळवा. असोसिएशन बाल्कनीत दोरी बांधू देत नसेल तर घरात स्टँडवर.

लाँड्रीच्या कपाटाचं दार बंद करून ड्रायर चालवत असाल तर दाराला हवेची जाळी आहे का बघा. संहितेप्रमाणे अशा जागेला किमान १०० चौरस इंच उघडी वाट लागते. बर्नरला हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी, काजळी धरणारी होते. इंटरनेटवर हिवाळ्यात घर उबदार राहावं म्हणून हवा घरातच सोडायच्या पाण्याच्या डब्या विकतात. त्या गॅस ड्रायरला अजिबात लावायच्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ चालू स्थितीत हवा, तुमची लाँड्री त्याच मजल्यावर असणार म्हणून मुद्दाम सांगतोय.

गॅसचा वास आला तर यातलं काहीच करत बसू नका. बटणं दाबायची नाहीत, दिवे लावायचे-घालवायचे नाहीत, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून गॅस कंपनीला किंवा ९११ ला फोन करायचा. जोडांची बारीक गळती बघायला साबणाचं पाणी पुरतं, काडी पेटवून कुणी बघत असेल तर त्याला घराबाहेर काढा. ड्रायर हलवून दुसरीकडे बसवायचा झाला तर जुनी लवचीक गॅसची नळी पुन्हा वापरू नये, नवी घ्यावी.

दोन किरकोळ गोष्टी, पण कधीकधी सगळं दुखणं त्यांतच असतं. दुसऱ्या लोडचे कपडे वॉशरमधून काढताना पिळून बघा. पाणी ठिबकत असेल तर वॉशर नीट पिळत नाही आणि ड्रायर बिचारा फुकट शिव्या खातो. आणि लिंटची जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं तर ड्रायर शीटचा (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायच्या कागदाचा) मेणचट थर बसलाय, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. तोच थर ड्रमच्या आत पुढे असलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांवरही बसतो. ओल ओळखायचं काम त्या पट्ट्यांचं. थर बसला की ऑटो सायकल भलत्याच वेळी थांबते. रबिंग अल्कोहोलने पुसा. तुमच्याकडे हवा गार येते म्हणजे मुख्य दोष हा नाही, पण सोबत असू शकतो.

इलेक्ट्रिक ड्रायरबद्दल. तुमचा गॅस ड्रायर साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालतो. इलेक्ट्रिकला सहसा २४० व्होल्ट, ३० अँपिअरची वेगळी लाइन लागते. ती तुमच्या लाँड्रीत नसेल तर पॅनेलपासून तार ओढायचा खर्च, गॅसची लाइन बंद करून टोपण लावायचा खर्च, आणि शेवटी तोच लिंट भरलेला व्हेंट. तेव्हा तो विचार व्हेंट साफ झाल्यावरच करा. जाता जाता, ‘ड्रम फिरतो पण गरम होत नाही’ यावर ब्रेकरची अर्धी बाजू पडल्याचा जो सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो तो इलेक्ट्रिकसाठी आहे, तुमच्या मशीनला लागू नाही.

पुढच्या वेळी दुसरा लोड लावाल तेव्हा चारपैकी काय दिसलं ते लिहा, बाहेरच्या झडपेशी हवा कशी आहे तेही, आणि सोबत मॉडेल नंबर द्या. दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर तो असतो. कॉइलचा संच मागवताना तोच लागेल. आणि तोवर दोन लोडच्या मधे तासभर मशीन निवू द्या, आईवडिलांचे कपडे तरी वेळेवर वाळतील.